जुन्या वळणाच्या नव्या वस्तू: नेपियर टाउनच्या घरांतून मध्यशतकीय शैलीचा आढावा

विसाव्या शतकाच्या मध्यावर, स्थूलमानाने १९४५ ते १९७० या पाव शतकात, घरगुती वस्तूंच्या घडणीत जे एक साधे, हलके आणि अलंकार टाळणारे वळण जगभर रूढ झाले, त्याला आज ‘मध्यशतकीय आधुनिक शैली’ म्हटले जाते; आणि या वळणाची आठवण देणाऱ्या, परंतु आज नव्याने तयार होणाऱ्या खुर्च्या, दिवे, घड्याळे, कपबश्या, डबे व शोभेच्या वस्तू ‘रेट्रो’ या नावाने दुकानांत मांडल्या जातात. शैलीला हे नाव तिच्या ऐन काळात मिळालेले नाही. कारा ग्रीनबर्ग या अमेरिकन लेखिकेच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे ते रूढ झाले, तोवर मूळ वस्तू पाश्चात्य देशांतील बहुतेक घरांतून माळ्यावर गेल्या होत्या. या विषयाची चर्चा करताना तीन प्रकार वेगळे ठेवावे लागतात: त्या काळात घडलेली अस्सल वस्तू, मूळ आराखड्याची मापे व साहित्य सांभाळून आज केलेली प्रतिकृती, आणि केवळ आकार, रंग किंवा छाप उचलून सध्याच्या स्वस्त साहित्यात केलेली रेट्रो वस्तू. बाजारात या तिन्हींची सर्रास गल्लत होते आणि तिचा तोटा मुख्यतः पहिल्या प्रकाराला, म्हणजे अस्सल वस्तूंना, सोसावा लागतो.

ही शैली मराठी मध्यमवर्गाच्या घरांत कोणत्या वाटेने आली, तिथे तिचे काय झाले आणि आजच्या रेट्रो वस्तू तिच्याशी किती इमान राखतात, या प्रश्नाचा विचार बहुधा मुंबई-पुण्यापुरता होतो. जबलपूरच्या नेपियर टाउनसारखी वस्ती मात्र या दृष्टीने अधिक बोलकी आहे. जबलपूर ज्यात होते त्या, १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला, आणि प्रशासन, रेल्वे, शिक्षण व वकिली या निमित्ताने मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. १९०४ सालची तोफगाडा फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची दारूगोळा फॅक्टरी आणि १९६९ सालची वाहन फॅक्टरी यांनी त्यात तंत्रज्ञ व कारागिरांची भर घातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाल्यावर उच्च न्यायालय जबलपूरला आले, परंतु राजधानी भोपाळला गेली. गोलबाजार, राइट टाउन आणि नेपियर टाउन या परिसरांतील नोकरदार व व्यावसायिक कुटुंबांची घरे नेमकी याच काळात सजली. नेपियर टाउनमध्ये गृहविज्ञान महाविद्यालयही आहे. घर चालवणे हा अभ्यासाचा विषय मानणारी संस्था ज्या वस्तीत उभी राहते, तिथे वस्तूंचा इतिहास शोधणे सयुक्तिक ठरते.

जागतिक पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. महायुद्धाने वाकवलेले प्लायवूड, फायबरग्लास, हलक्या धातूच्या नळ्या आणि नवी प्लॅस्टिके यांचे तंत्र पक्के केले आणि युद्ध संपल्यावर तेच तंत्र घराकडे वळले. अमेरिकेत चार्ल्स व रे ईम्स यांनी प्लायवूडला शरीराच्या वळणांनुसार आकार दिला; डेन्मार्कमध्ये आर्ने याकोबसेन यांची ‘मुंगी’ खुर्ची १९५२ साली आली; जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयातून किरणांसारख्या काड्यांच्या टोकांना गोळे लावलेली भिंतीवरची घड्याळे बाहेर पडली. निमुळते व तिरपे पाय, जमिनीपासून उचललेले कपाट, गोलावलेले कोपरे आणि मोहरी, शेवाळी, फिकट निळा असे रंग ही या वस्तूंची ओळखीची लक्षणे. तिरप्या पायांवर उचललेल्या कपाटाखालून झाडू सहज फिरे, हलकी खुर्ची एकटीला उचलता येई. नोकरचाकरांविना चालणाऱ्या लहान घराची गरज या आकारांमागे होती, आणि आजच्या रेट्रो चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो.

भारतात या बदलाची पूर्वतयारी स्वातंत्र्यापूर्वीच झाली होती. १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्स कंपनीने सिमेंटच्या रंगीत, नक्षीदार लाद्या देशात तयार केल्या. १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटे बाजारात आली. वास्तुविशारदांच्या संस्थेने १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले. मराठी वाचकाच्या दृष्टीने यांहून जवळचे उदाहरण किर्लोस्कर घराण्याच्या किर्लोस्करवाडीतील कारखान्याचे. नांगर आणि पंप करणाऱ्या या कारखान्याने लोखंडी फर्निचरही केले, आणि त्याच घराण्याची ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके नव्या, सुटसुटीत, आरोग्याला पोषक घराचा विचार गावोगावच्या वाचकांपर्यंत नेत होती. वस्तू आणि तिच्यामागचा विचार एकाच घरातून निघावा, असे उदाहरण भारतात विरळाच आहे. मासिकांच्या वाटेने हा विचार नागपूर-जबलपूरच्या वाचनालयांत आणि तिथून घरांत पोचला.

स्वातंत्र्यानंतरचा पट मोठा आहे. चंदिगढ उभारताना वास्तुविशारद प्येर जान्नरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कार्यालये व घरांसाठी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या, टेबले व कपाटे हजारोंनी तयार झाली. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या ईम्स दांपत्याने १९५८ साली अहवाल दिला, त्यात साध्या तांब्याच्या, म्हणजे लोट्याच्या, घडणीकडे आदराने पाहिले आणि त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने निवडलेल्या परदेशी वस्तूंचे फिरते प्रदर्शन भारतातील शहरांतून गेले. आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकून परतले होते. जर्मनीतील उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी १९६९ साली मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र उभारण्यात अग्रभागी होते. तरीही, या नामवंतांच्या हातची वस्तू नेपियर टाउनच्या दिवाणखान्यात सहसा आली नाही. तिथे आलेली शैली दोन वेगळ्या हातांनी घडली: कारखान्यातून ठरावीक नमुन्यात निघालेला माल, आणि घरी बोलावलेल्या सुताराने चित्र पाहून केलेले काम.

या दुसऱ्या हाताविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण इतिहासात त्याची नोंद सर्वांत कमी आहे. जबलपूरच्या भोवती मंडला, शिवनी, बालाघाट हे सागाचे जिल्हे आहेत. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि हवेतील ओलाव्यानुसार ते इतर लाकडांच्या मानाने कमी फुगते-आकसते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि जुलैत भिंती ओल्या, अशा हवेत या गुणांचे मोल मोठे. त्यामुळे ‘मिस्त्री’ घरी येऊन ओसरीवर रंधा मारी, मासिकातील जाहिरातीतले किंवा साहेबाच्या बंगल्यात पाहिलेले वळण ध्यानात ठेवून खुर्ची उभी करी, एका लाकडाचे टोक दुसऱ्यात कोरलेल्या खाचेत ठोकून खिळ्याविना सांधा पक्का करी आणि शेवटी लाखेचे पॉलिश देई. ही लाखदेखील याच पट्ट्यातील जंगलांतून येत असे. बैठक वेताची. वेत मात्र बाहेरून, मुख्यतः पूर्वोत्तरेकडून येई. त्याच्या सालीच्या पट्ट्या चौकटीच्या भोकांतून उभ्या, आडव्या व तिरप्या ओवून अष्टकोनी जाळी विणली जाते, जी उन्हाळ्यात पाठीला वारा देते आणि सैल पडली की पुन्हा विणता येते. देशातील अनेक अंधशाळांतून हे काम शिकवले जात असे, आणि त्यावर कित्येकांचे संसार चालले.

तिरप्या पायांची टीपॉय, वेताची आरामखुर्ची, बैठकीचा दिवाण (जबलपुरी मराठीत तखत), काचेच्या सरकत्या दारांची शोकेस आणि भिंतीतले फडताळ अशा सरंजामाला कोणी ‘मध्यशतकीय’ म्हणत नसे. ती ‘नवी फॅशन’ होती आणि ती कुटुंबाच्या ऐपतीत बसे. यातील प्रत्येक वस्तू दुरुस्त होऊ शकत होती, कारण ती करणारा माणूस त्याच शहरात राहत होता.

कारखानी मालात पोलादी कपाटाचे स्थान पहिले. लग्नात दिले जाणारे, आरसा बसवलेले, गोल कोपऱ्यांचे हिरवट-करड्या रंगाचे कपाट कोणत्याही कंपनीचे असले तरी ‘गोदरेजचं’ म्हणूनच ओळखले जाई. त्याच कंपनीचे टंकलेखन यंत्र १९५५ साली आणि फ्रिज १९५८ साली आला. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि लाकडी पेटीचा, पुढे कापडाची जाळी व खाली हस्तिदंती रंगाची बटणे असलेला मर्फी किंवा बुश रेडिओ दिवाणखान्याच्या केंद्रस्थानी आला. त्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि रेडिओवर भरतकाम केलेले आच्छादन घातले जाई. १९५९ साली प्रेस्टिज आणि हॉकिन्स या दोन्ही नावांचे प्रेशर कुकर भारतात बनू लागले. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे निघू लागली, ती निवृत्तीच्या आणि परीक्षेतील यशाच्या भेटीची वस्तू झाली. विजेची काळी बटणे बॅकेलाइटची, म्हणजे उष्णतेने एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या, १९०७ साली शोध लागलेल्या पहिल्या पूर्णतः कृत्रिम प्लॅस्टिकची असत. १९५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर आयात आणखी आवळली गेली आणि देशी मालाचे मोजके नमुने वर्षानुवर्षे न बदलता विकले गेले. भारतीय घरांत मध्यशतकाचा काळ ऐंशीच्या दशकापर्यंत लांबला, याचे मुख्य कारण हेच आहे.

स्वयंपाकघरातील बदल मात्र दिवाणखान्यापेक्षा खोल होता, आणि रेट्रोच्या आजच्या चर्चेत तो सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. पाटावर बसून चुलीपुढे होणारा स्वयंपाक उभ्या ओट्यावर आला. पाट-चौरंगाची जागा हळूहळू जेवणाच्या टेबलाने घेतली. लाकडी फळ्यांऐवजी भिंतीला टांगलेली पोलादी मांडणी आली. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याचा त्रास नको म्हणून हिंडालियम, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, आणि पुढे स्टेनलेस स्टील स्वीकारले गेले. जबलपूरच्या बाजारात ज्याला तामचिनी म्हणतात ती एनॅमलची भांडी लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा थर देऊन सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमानाला भाजलेली असतात. पांढऱ्या तसराळ्याची निळी कडा हे त्या काळाचे खास चिन्ह. लोणच्याच्या, वर तपकिरी आणि खाली फिकट अशा दुरंगी बरण्यांचे मध्य भारताशी नाते जवळचे आहे. जबलपुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बर्न कंपनीचे मातीकामाचे मोठे कारखाने होते, आणि विदर्भातील भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ स्थापून कुंभारांच्या हाताला नवे तंत्र दिले. या सर्व बदलाचा भार आणि लाभ स्त्रियांकडे गेला. गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात ओट्याची उंची, भांड्यांची मांडणी आणि श्रमांची बचत हे विषय आले, यावरून त्या काळच्या आधुनिकतेचा खरा कस स्वयंपाकघरात लागत होता असे म्हणता येते.

जबलपूरच्या मध्यशतकाला आणखी एक बाजू आहे. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा हे याच शहराचे. संविधानाच्या उद्देशिकेच्या पानाची सजावट त्यांच्या हातची आहे आणि गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर त्यांची चित्रे आहेत. शांतिनिकेतनची ही परंपरा अलंकार टाळत नव्हती, ती त्याला देशी मुळांकडे वळवत होती. एका शहरात अगदी साधी खुर्ची आणि इतकी समृद्ध भित्तिचित्रे शेजारी नांदली. भारतीय मध्यशतक म्हणजे केवळ पाश्चात्य साधेपणाची नक्कल, हे मत त्यामुळे टिकत नाही.

आजच्या बाजाराकडे वळल्यावर चित्र संमिश्र दिसते. सारेगामाने २०१७ साली आणलेला ‘कारवां’ हा जुन्या रेडिओच्या रूपातील संच, ५००० गाणी आधीच भरलेली, या प्रकारातील सर्वांत यशस्वी वस्तूंपैकी एक ठरला. त्याचे यश समजण्यासारखे आहे, कारण ज्येष्ठांना बटण फिरवण्याची सवय होती आणि यंत्राने तीच सवय जपली. इथे जुना आकार उपयोगासाठी आला आहे. बंगळूरच्या फँटम हँड्सने चंदिगढच्या खुर्च्यांच्या प्रतिकृती सागवान व हाताने विणलेल्या वेतात केल्या; किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर असली तरी कारागिरी जिवंत ठेवण्याचे श्रेय अशा उपक्रमांना द्यावे लागते. भारत टाइल्सच्या लाद्या आजही हाताने घडतात. याउलट चुंबक किंवा इंडिया सर्कस यांसारख्या नाममुद्रांनी जुनी चित्रे, रिक्षा, चहाचे पेले, राजेशाही आकृत्या अशा खुणा कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि चावीच्या साखळ्यांवर छापल्या. त्या आनंददायक आहेत, भेटवस्तू म्हणून शोभतात. पण त्यांचा मध्यशतकीय घडणीशी संबंध छापापुरता आहे.

फर्निचरच्या बाबतीत ग्राहकाने अधिक सावध राहावे. ऑनलाइन दुकानांत ‘मध्यशतकीय’ म्हणून विकली जाणारी बरीच कपाटे व टीपॉय दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांवर पातळ पापुद्रा चिकटवून केलेली असतात. कडेने पाणी शिरले की अशी फळी फुगते, एकदा सुटलेला स्क्रू तिच्यात पुन्हा घट्ट बसत नाही, आणि जबलपूरच्या पावसाळ्यात हा दोष लवकर उघड होतो. तिरपे पाय मूळ घडणीत आडव्या पट्टीला सांध्याने जोडलेले असत. आता ते एका पत्र्याच्या चकतीत फिरवून बसवतात आणि वजन आले की डगमगतात. छिद्रे छापलेली प्लॅस्टिकची जाळी वेत म्हणून विकली जाते, ती फाटली की विणता येत नाही. ज्या शैलीचा पाया साहित्याशी प्रामाणिक राहण्यात होता, तिच्या नावावर साहित्य लपवणारा माल खपावा, ही खेदाची गोष्ट आहे आणि ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

अस्सल वस्तूंचे काय होते, याचा धडा चंदिगढने दिला. तिथल्या कार्यालयांनी मोडक्या खुर्च्या भंगार म्हणून लिलावात काढल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या डागडुजी करून युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या, आणि २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला मनाई केली तोवर बरेच काही निघून गेले होते. नेपियर टाउनमधील वस्तूंना असे नामवंत कर्ते नाहीत, म्हणून त्यांना लिलावाचा भाव नाही आणि मनाईचे संरक्षणही नाही. २२ मे १९९७ च्या भूकंपाने शहरातील हजारो घरांना तडे दिले; त्यानंतर आणि पुढे बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती येताना जुने सामान मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले. गुरंदी बाजारासारख्या ठिकाणी त्यातले काही पुन्हा हाताला लागते, पण सागाची खुर्ची तिथे बहुधा लाकडाच्या भावाने जाते.

जुने ते सर्व सुरक्षित, असेही मानू नये. जुन्या रंगांत शिशाचे प्रमाण बरेच असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासूनच लागू झाली आहे. त्यामुळे जुने रंगवलेले कपाट घरात कोरडे घासू नये, ओले करून आणि मुलांना दूर ठेवून घासावे. एनॅमलचा टवका उडालेले भांडे शोभेला ठेवावे, स्वयंपाकाला वापरू नये. बॅकेलाइटची बटणे दिसायला देखणी असली तरी त्यांमागची जुनी तार बदलल्याशिवाय त्यांत वीज सोडणे धोक्याचे आहे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकडीच्या घड्याळात रेडियम असण्याची शक्यता असते, म्हणून ते स्वतः उघडू नये.

रेट्रोचा सोस म्हणजे निव्वळ गतकालाचे वेड, अशी टीका केली जाते. तीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. पन्नास-साठच्या दशकांचे घर सर्वांना सुखाचे नव्हते. ज्या मिस्त्रीने खुर्ची केली त्याच्या घरी ती नव्हती, आणि टंचाईमुळे न बदललेल्या नमुन्यांना साधेपणाचे व्रत म्हणणे ही इतिहासाची सजावट ठरेल. तरीही स्थानिक लाकूड, ओळखीचा कारागीर, दुरुस्तीची सोय आणि गरजेपुरता आकार ही त्या घराची चार बलस्थाने आजही तितकीच मोलाची आहेत, आणि रेट्रो म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य वस्तूंत यांपैकी एकही आढळत नाही. नवी वस्तू घेताना तिचा आकार कोणत्या दशकाचा आहे यापेक्षा ती कशाची केली आहे आणि मोडल्यावर कोण दुरुस्त करील, हे विचारणे अधिक योग्य.

नेपियर टाउन व आसपासच्या मराठी कुटुंबांनी घर पाडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी जुन्या सामानाची छायाचित्रे काढावीत, कोणी, कधी आणि कोणत्या लाकडात केले याची घरातील ज्येष्ठांना आठवेल तेवढी नोंद करावी, आणि वेताची बैठक फाटली म्हणून खुर्ची भंगारात न देता ती विणून घ्यावी. गृहविज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना या नोंदींचा प्रकल्प देता येईल. भंवरताल उद्यानाजवळच्या राणी दुर्गावती संग्रहालयात कलचुरी काळातील शिल्पे जपली आहेत. तिथे किंवा महाविद्यालयात एका खोलीत विसाव्या शतकातील जबलपूरचे घर मांडले जावे, आणि त्यासाठी पहिली खुर्ची, पहिली बरणी देण्यास या वस्तीतील घरांनी पुढे यावे.